फोन किंवा कॉम्प्युटर ‘हँग’ होतोय? आधी मोजा, मग पैसे खर्च करा



‘फोन लय हँग होतोय, कुठला नवीन घेऊ?’ असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. इंजिनिअरिंग करून आयटीत नोकरी लागली की नातेवाइकांच्या लेखी तुम्ही मोबाईलवाले, प्रिंटरवाले, वायफायवाले सगळेच होता. मीही बरेच दिवस ठरलेली उत्तरं द्यायचो: ‘रॅम कमी असेल’, ‘जुना झालाय’, ‘फॉरमॅट मारून बघ’. गंमत म्हणजे ऑफिसमध्ये सर्व्हर स्लो झाला तर आम्ही असं कधीच बोलत नाही. तिथे आधी मोजतो. घरच्या कामात मात्र मीही अंदाजच मारत होतो आणि एकदा तो अंगाशी आला.

आज त्याच प्रसंगातून तुम्हाला सिस्टिमचा परफॉर्मन्स कसा मोजायचा ते सांगतो. यासाठी कुठलंही विकतचं ॲप लागत नाही. काळ्या स्क्रीनवर टाईप करायच्या सात-आठ कमांड पुरतात आणि त्यातल्या काही तुमच्या अँड्रॉइड फोनवरही चालतात, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे.

एक सूचना आधीच देतो. कमांडची नावं इथे मराठीत लिहिली आहेत. टाईप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत करायची. स्पेलिंगमध्ये गोंधळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सोडवून दिली आहेत.

चिंचवडमधला तीन वाजताचा घोळ

माझ्या मामांचं चिंचवड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. चार प्रेस मशीन, दोन शिफ्ट, पत्र्याचे ब्रॅकेट बनतात आणि चाकणला जातात. मी त्यांना एक साधा प्रोग्रॅम लिहून दिला होता. माल तपासला की फोटोसकट एंट्री करायची, मग डिस्पॅचचं चलन छापायचं. एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून तोच सर्व्हर केला होता: चार कोअर, ८ जीबी रॅम आणि साधी फिरणारी हार्ड डिस्क.

पहिले काही महिने सगळं छान चाललं. मग मामांचे फोन सुरू झाले.

“अरे, तुझा प्रोग्रॅम दुपारी नुसता फिरत बसतो. चलन निघेपर्यंत ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन येतो.”

यात हसण्यासारखं काही नव्हतं. दुपारी तीनला शिफ्ट बदलते आणि त्याच वेळी गाडी निघते. गाडी तीनला निघाली तर स्पाईन रोडने मोशी गाठून वेळेत चाकणला पोचते. पाऊण तास उशीर झाला की तळेगाव चौकात संध्याकाळच्या गर्दीत सापडते. समोरच्या कंपनीची लाईन आपल्या ब्रॅकेटसाठी थांबली तर त्याचे पैसे कापले जातात, आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

या सगळ्याचा दोष येत होता डिस्पॅचला बसणाऱ्या ताईंवर. सुपरवायझरचं म्हणणं होतं की त्या एंट्री हळू करतात, नको तिथे क्लिक करतात, म्हणून कॉम्प्युटर अडकतो. मामांनी त्यांच्या जागी दुसरं कुणी बघायला सुरुवातही केली होती. शिवाय नवीन कॉम्प्युटरचं पंचावन्न हजारांचं कोटेशन टेबलावर पडलं होतं.

माझी पहिली चूक

मी एका रविवारी सकाळी अकराला गेलो. चलन काढून पाहिलं तर काही सेकंदांत निघालं. मी म्हणालो, “मामा, चालतंय की! तरी रॅम वाढवून टाकू.” अडीच हजारांची आणखी ८ जीबीची स्टिक घालून परत आलो.

सोमवारी दुपारी तीनला पुन्हा फोन. काहीही फरक नव्हता.

इथे माझ्या दोन चुका झाल्या. दुखणं तीन वाजता होतं आणि मी तपासायला गेलो अकराला. आणि काहीच न मोजता थेट औषध दिलं. शेवटी बुधवारी ऑफिसातून हाफ डे टाकला आणि अडीच वाजताच त्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो.

पहिला प्रश्न: काम चाललंय की वाट बघतोय?

कुठलीही गोष्ट स्लो असते तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर ती खरंच काम करतेय आणि काम मोठं आहे. नाहीतर ती रिकामी बसून कशाची तरी वाट बघतेय. हे वेगळं करून सांगणारी सगळ्यात सोपी कमांड म्हणजे ‘टाइम’. एखाद्या कमांडच्या आधी ‘टाइम’ लिहिलं की शेवटी तीन आकडे येतात:

- रिअल: घड्याळाप्रमाणे लागलेला एकूण वेळ
- युझर: त्यात प्रोसेसरने तुमच्या प्रोग्रॅमसाठी खर्च केलेला वेळ
- सिस: ऑपरेटिंग सिस्टिमने तुमच्यातर्फे केलेल्या कामाचा वेळ

तीन वाजून पाच मिनिटांनी मी चलन काढणारी स्क्रिप्ट ‘टाइम’ लावून चालवली. रिअल आलं ४१ सेकंद. युझर आणि सिस मिळून फक्त ६ सेकंद.

म्हणजे ४१ पैकी ३५ सेकंद प्रोसेसर या कामासाठी काहीच करत नव्हता. प्रोग्रॅम नुसता ताटकळत होता. इथेच नवीन प्रोसेसरचा विषय संपला. जो माणूस गेटवर अडकलाय त्याला वेगाने पळायला शिकवून उपयोग नसतो.

लोड ॲव्हरेज म्हणजे काय?

पुढची कमांड ‘अपटाइम’. ती शेवटी तीन आकडे देते: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा लोड ॲव्हरेज. माझ्यासमोर पहिला आकडा ६ च्या पुढे होता, पंधरा मिनिटांचा २ च्याही खाली. म्हणजे त्रास नुकताच सुरू झाला होता.

बरेच जण याला प्रोसेसरचे टक्के समजतात. तसं नाही. मामांच्या शॉपफ्लोअरवर बघू. चार प्रेस मशीन म्हणजे चार कोअर. मशीनवर लागलेले जॉब आणि रांगेत थांबलेले जॉब यांची सरासरी बेरीज म्हणजे लोड. चार मशीन असताना आकडा ४ असेल तर सगळी मशीन कामात, रांग नाही. ६ असेल तर दोन जॉब थांबलेत.

पण लिनक्समध्ये एक मेख आहे. इथे लोडमध्ये फक्त प्रोसेसरच्या रांगेतली कामं मोजत नाहीत. डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही त्यातच धरतात. ही पद्धत १९९३ पासूनची आहे. म्हणजे ६ हा आकडा बघून ‘मशीन कमी पडतायत’ असं लगेच म्हणता येत नाही. कदाचित चारही मशीन रिकामी असतील आणि सगळे ऑपरेटर स्टोअरच्या खिडकीसमोर पत्रा मिळण्याची वाट बघत उभे असतील.

नेमकं काय चाललंय हे पुढच्या कमांड सांगतात.

टॉप, व्हीएमस्टॅट आणि फ्री

‘टॉप’ ही कमांड बहुतेकांनी ऐकलेली असते. ती कुठला प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय याची यादी दाखवते. पण यादीच्या वरची प्रोसेसरची ओळ जास्त कामाची असते. त्यात ‘यूएस’ म्हणजे प्रोग्रॅमचं काम, ‘एसवाय’ म्हणजे सिस्टिमचं काम, ‘आयडी’ म्हणजे रिकामा वेळ आणि ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कचं काम अडकलेलं असताना रिकामा गेलेला वेळ. माझ्यासमोर यूएस होतं ११ आणि डब्ल्यूए होतं ६८. ऑपरेटर खरंच खिडकीसमोर उभे होते.

मग ‘व्हीएमस्टॅट १’. स्पेलिंग व्ही-एम-एस-टी-ए-टी. पुढचा १ म्हणजे दर सेकंदाला नवी ओळ. यातली पहिली ओळ सोडून द्यायची, कारण ती कॉम्प्युटर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मी हे शिकायच्या आधी कितीतरी वेळा पहिल्या ओळीवरून चुकीचे निष्कर्ष काढलेत.

यात चार कॉलम बघा:

- आर: प्रोसेसर वापरणारी किंवा त्याच्या रांगेतली कामं. माझ्याकडे ० किंवा १.
- बी: बहुतेक वेळा डिस्कपाशी अडकलेली कामं. माझ्याकडे ५ ते ६.
- एसआय आणि एसओ: रॅम अपुरी पडल्याने डिस्कवर होणारी ने-आण. माझ्याकडे दोन्ही शून्य.

शेवटचे दोन शून्य बघून मला अडीच हजार आठवले. रॅम कमी पडतच नव्हती.

खात्रीसाठी ‘फ्री’ कमांड. इथेही एक सापळा आहे. ‘फ्री’ नावाचा कॉलम बघून लोक घाबरतात, कारण तो बहुधा छोटा असतो. लिनक्स मोकळी रॅम वाया जाऊ देत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाईल तिथे ठेवतो आणि गरज पडली की जागा सोडतो. म्हणून ‘अव्हेलेबल’ हा कॉलम बघायचा. तो भरपूर होता.

चोर कोण? आयओस्टॅट आणि पिडस्टॅट

आता संशय डिस्कवर आला होता. ‘सिसस्टॅट’ नावाचं मोफत पॅकेज टाकलं की ‘आयओस्टॅट’ आणि ‘पिडस्टॅट’ मिळतात. ‘आयओस्टॅट’ला एक्स हा पर्याय आणि १ सेकंद दिला. डिस्कचा वापर दिसला ९९ टक्के, आणि डिस्कला सांगितलेलं एकेक काम पूर्ण व्हायला सरासरी १८० मिलिसेकंद लागत होते.

हे किती वाईट आहे? ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. म्हणजे एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते टोक सरकवायला काही मिलिसेकंद. इकडून तिकडून छोट्या गोष्टी वाचायच्या असतील तर साधी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास कामं करते. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद. फरक एक लाख पटींचा! रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं तर डिस्कला जवळपास २८ तास लागतील. आणि माझी डिस्क तर तिच्या नेहमीच्या वेळेच्याही अठरापट मागे होती.

शेवटचा प्रश्न: एवढं काम तिला सांगतंय कोण? ‘पिडस्टॅट’ला डी हा पर्याय देऊन सुडोने चालवलं की प्रत्येक प्रोग्रॅम डिस्कवर किती वाचतोय, किती लिहितोय ते दिसतं. सगळ्यात वर ‘टार’ होता. म्हणजे बॅकअप. म्हणजे मीच.

प्रोग्रॅम बसवला त्या दिवशी मी बॅकअप रोज पहाटे तीनला ठेवणार होतो. पण तो नीट चालतो का हे डोळ्यांसमोर बघायचं होतं, म्हणून वेळापत्रकात ३ च्या जागी १५ लिहिलं, दुपारी तीनला चालताना पाहिला आणि खूश होऊन घरी गेलो. १५ चे परत ३ करायचे राहून गेले.

सुरुवातीला फोटो थोडे होते, बॅकअप दोन मिनिटांत संपायचा, कुणाला कळायचंही नाही. रोज फोटो वाढत गेले आणि दोन मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. त्यात बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागावर जात होता. इथून वाच, तिथे लिही, परत इथे ये. आणि ताईंची प्रत्येक एंट्री त्या रांगेच्या शेवटी. शिवाय त्याच डिस्कवर ठेवलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात.

मी १५ चे ३ केले, बॅकअपसाठी वेगळी बाहेरची डिस्क लावली आणि फक्त नवीन फाईलच कॉपी होतील असं केलं. चालू असलेला बॅकअप थांबवून पुन्हा ‘टाइम’ लावलं: ६.३ सेकंद.

मामांना आणि सुपरवायझरना स्क्रीनसमोर बोलावून दाखवलं. “मामा, ताईंचा काही संबंध नाही यात. चूक माझी आहे, ही बघा इथे.” ताई शेजारीच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “मी सांगत होते ना, तीनलाच होतं म्हणून.” त्या खरंच पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. नेमकी वेळ हा सगळ्यात मोठा पुरावा होता आणि तो त्यांच्याकडे होता. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

उरलेले सहा सेकंद: प्रोफायलिंग

पण एक चलन काढायला सहा सेकंदही जास्तच. आता मात्र रिअल ६.३ आणि युझर-सिस मिळून ६. म्हणजे या वेळी प्रोसेसर खरंच राबत होता. कशावर ते शोधणं म्हणजे प्रोफायलिंग.

याची कल्पना सोपी आहे. वर्कशॉपमध्ये दिवसभरात शंभर वेळा अचानक डोकावा आणि प्रत्येक वेळी ऑपरेटर काय करतोय ते वहीत लिहा. शंभरपैकी सत्तर वेळा तो पाना शोधत असेल तर त्याचा सुमारे सत्तर टक्के वेळ पाना शोधण्यात जातोय. लिनक्समधलं ‘पर्फ’, स्पेलिंग पी-ई-आर-एफ, हेच करतं. सेकंदाला ठरावीक वेळा थांबून कुठलं फंक्शन चालू आहे ते टिपतं. बरेच जण १०० ऐवजी ९९ वेळा डोकावतात. बरोबर ठोक्यावर चालणारं दुसरं काही काम असेल तर दर वेळी तेच दिसू नये, म्हणून.

माझा प्रोग्रॅम पायथॉनचा होता. त्यासाठी ‘पाय-स्पाय’ हे टूल जास्त सोयीचं, कारण ते थेट तुमच्या कोडमधली ओळ दाखवतं. ते एक ‘फ्लेम ग्राफ’ही काढून देतं. हा प्रकार ब्रेंडन ग्रेग या परफॉर्मन्स इंजिनिअरने २०११ मध्ये पहिल्यांदा केला. त्यात जी पट्टी सगळ्यात रुंद, तिथे सगळ्यात जास्त वेळ. माझ्या ग्राफमध्ये एक पट्टी जवळजवळ पूर्ण रुंदीची होती: पार्ट नंबरची एक्सेल फाईल वाचणं. चलनात ३५ ओळी असतील तर मी ती अख्खी फाईल ३५ वेळा उघडून वाचत होतो! एकदाच वाचून लक्षात ठेवायला सांगितलं. ६.३ चे ०.८ सेकंद झाले.

हे काम मी आधी केलं असतं तर? ४१ चे साधारण ३६ सेकंद झाले असते आणि कुणालाही फरक कळला नसता. म्हणून आधी ‘वाट की काम’ हे ठरवायचं आणि मगच कोडला हात लावायचा.

अर्ध्या सेकंदाने जग वाचवलं

मोजण्याची सवय किती मोलाची असते याचं मोठं उदाहरण मार्च २०२४ मधलं. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर पोस्टग्रेस डेटाबेसच्या चाचण्या घेत होते. त्यासाठी सिस्टिम शांत हवी होती. त्यांना दिसलं की दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करू देणारा ‘एसएसएच’ प्रोग्रॅम विनाकारण जास्त प्रोसेसर खातोय. लॉगिनला आधी सुमारे ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८.

अर्ध्या सेकंदाकडे दुसऱ्या कुणी लक्षही दिलं नसतं. त्यांनी ‘पर्फ’ लावलं. वेळ जात होता फाईल कॉम्प्रेस करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या लायब्ररीत. लॉगिनच्या वेळी तिथे एवढं काम असण्याचं कारणच नव्हतं. खोलात गेल्यावर कळलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा घुसवलाय. २९ मार्चला त्यांनी हे जाहीर केलं. तोवर तो मुख्यतः लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. उशीर झाला असता तर जगभरच्या असंख्य सर्व्हरमध्ये गेला असता.

हेच तुमच्या फोनवर कसं करायचं?

आता तुमच्या खिशातल्या कॉम्प्युटरकडे येऊ. अँड्रॉइड लिनक्सवर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं प्रत्येक मशीनही लिनक्सवरच चालतं, आणि पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ ला आलेला हवामानाचा ‘प्रत्यूष’ही त्या यादीत होता. म्हणजे शिकलेलं वाया जात नाही.

१. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा. काही फोनवर तो ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’मध्ये असतो. यामुळे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तिथे ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करा.

२. कॉम्प्युटरवर गुगलचं मोफत ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ घ्या. त्यात ‘एडीबी’ असतं. फोन केबलने जोडून ‘एडीबी शेल’ टाईप केलं की तुम्ही फोनच्या आत पोचता.

३. फोन हँग होत असतानाच ‘टॉप’ चालवा. वर ८०० टक्के दिसलं तर घाबरू नका. आठ कोअरचे प्रत्येकी शंभर असा तो हिशेब असतो.

४. ‘व्हीएमस्टॅट १’मध्ये बी कॉलम बघा. सतत वाढलेला असेल तर स्टोरेज अडवतंय. ‘डीएफ’ कमांडला एच पर्याय देऊन डेटाची जागा किती भरलीय ते बघा. स्टोरेज काठोकाठ भरलं की लिहिण्याचा वेग पडतो. अशा वेळी रॅम नाही, व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ साफ करायचे असतात.

५. ‘डमसिस’, स्पेलिंग डी-यू-एम-पी-एस-वाय-एस, ही अँड्रॉइडची खास कमांड. तिच्यापुढे ‘मेमइन्फो’ लिहिलं की कुठलं ॲप किती रॅम धरून बसलंय ते कळतं. ‘जीएफएक्सइन्फो’ आणि ॲपचं पॅकेज नाव दिलं की स्क्रोल करताना किती फ्रेम अडखळल्या ते दिसतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, १२० हर्ट्झवर ८.३ मध्ये. उशीर झाला की आपल्याला झटका जाणवतो.

थेट फोनवर टर्मक्स ॲपमध्येही या कमांड मिळतात, पण नव्या अँड्रॉइडमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपची माहिती बघू देत नाहीत. म्हणून एडीबीच बरं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा, आणि अनोळखी कॉम्प्युटरला परवानगी देऊ नका. दुसरं म्हणजे ‘रॅम बूस्टर’ ॲपच्या नादी लागू नका. ती मागची ॲप मारून रॅम मोकळी दाखवतात, पण तुम्ही तेच ॲप परत उघडलं की फोनला सगळं पहिल्यापासून लोड करावं लागतं. म्हणजे वेळही जास्त, बॅटरीही जास्त. गेम खेळताना दहा-पंधरा मिनिटांनी फोन स्लो होत असेल तर बहुधा तो तापलाय आणि प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी केलाय. कव्हर काढून थोडा थंड होऊ द्या, मग पुन्हा मोजा.

थोडक्यात क्रम

- त्रास केव्हा होतो हे रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा आणि त्याच वेळी मोजा.
- ‘टाइम’ लावून ठरवा: काम की वाट?
- ‘अपटाइम’, ‘टॉप’, ‘व्हीएमस्टॅट’ आणि ‘फ्री’वरून ठरवा: प्रोसेसर, रॅम की डिस्क?
- ‘आयओस्टॅट’ आणि ‘पिडस्टॅट’ने नेमका प्रोग्रॅम पकडा.
- प्रोसेसरच राबत असेल तरच ‘पर्फ’ किंवा ‘पाय-स्पाय’.
- एका वेळी एकच बदल करा आणि परत मोजा.

एसएसडी असेल तर आयओस्टॅटच्या ९९ टक्के वापरावरून लगेच निष्कर्ष काढू नका. ती एका वेळी अनेक कामं करते. तिथे एका कामाला किती मिलिसेकंद लागतायत तेच बघा.

आणि त्या वेळी तुम्ही तिथे हजर राहू शकत नसाल तर सिसस्टॅटमधलं ‘सार’, स्पेलिंग एस-ए-आर, आधीच सुरू करून ठेवा. ते साधारण दर दहा मिनिटांनी आकडे साठवतं आणि नंतर ‘काल तीनला काय झालं होतं’ ते दाखवतं. मी ते पहिल्या दिवशीच सुरू केलं असतं तर हाफ डेही वाचला असता आणि रॅमचे पैसेही.

युनिटमध्ये आता ‘सार’ चालू आहे. गुरुवारी युनिटला सुट्टी असते, तेव्हा मी घरूनच आठवड्याचे आकडे बघतो. नवीन कॉम्प्युटरचं कोटेशन मामांनी फाईलला लावून ठेवलंय आणि चलन आजही त्याच जुन्या डेस्कटॉपवर, त्याच ताई काढतात.